‘तेल्या’ शोधा, तेलकट डागही सापडतील

सोलापूरकडच्या डाळिंब बागायतदाराच्या टिपणांत एकच रोग तीन नावांनी येऊ शकतो: ‘तेल्या’, ‘पानावर तेलकट डाग’, ‘बॅक्टेरियल ब्लाइट’. रोग झँथोमोनास जिवाणूचा. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ते २००५ साली सुरू झालं. तिथे त्यावर बराच अभ्यास झाला आहे.

मोबाइलमध्ये ‘तेल्या’ शोधलं, तर नेहमीचा शोध फक्त अक्षरं जुळवतो. बाकीच्या नोंदी हुकतात. अर्थानं शोधणारं साधन प्रत्येक नोंद आकड्यांत मांडतं. गूगलचं २०२० मधलं ‘लाबसे’ हे असं मॉडेल एका वाक्याचे ७६८ आकडे काढतं, तेही १०९ भाषांत. अर्थ जवळचा, तर आकडेही जवळचे; मग नोंद मराठीत असो, कन्नडमध्ये की तेलुगूत. तिन्ही भाषा नांदणाऱ्या सोलापुरात मला हे फार मोलाचं वाटतं.

एआय एजंट त्यापुढे जातो. सापडलेली नोंद वाचतो, ती अपुरी वाटली तर शब्द बदलून पुन्हा शोधतो.

औषधाचं प्रमाण मात्र मूळ नोंद उघडूनच पाहावं. अर्थानं शोधणाऱ्या साधनाला ‘दोन ग्रॅम’ आणि ‘वीस ग्रॅम’ शेजारी शेजारीच दिसतात.