पाँचो घ्या, पण श्वास घेणारा!

जूनचा दुसरा आठवडा उजाडला, की शहरातल्या दुकानांचा मूडच बदलतो. समर कलेक्शन एका रात्रीत गायब आणि त्याच्या जागी रंगीबेरंगी छत्र्या, गमबूट, रेनकोट आणि... पाँचो! डोक्यातून घालायचा, चारी बाजूंनी लोंबणारा, पाठीवरच्या सॅकसकट अख्ख्या माणसाला पोटात घेणारा. ट्रेकर मंडळींमध्ये त्याची जाम चलती आहे. लेबलवर दोन शब्द हमखास असतात, 'वॉटरप्रूफ' आणि 'ब्रीदेबल'. म्हणजे पाणी आत येणार नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर जाईल. ऐकायला एकदम झकास! पण हा वायदा आपल्याकडच्या हवेत कितपत पाळला जातो?

मी मूळची परभणीची. ('बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून कुणी हसणार असेल तर आत्ताच हसून घ्या.) त्यामुळे माझ्या दृष्टीनं पाँचोची खरी परीक्षा राजमाचीच्या वीकेंड ट्रेकला होत नाही, ती होते वारीत. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पंढरपूरला जाते. शिवाय आमच्या जिल्ह्यातून लहान-मोठ्या दिंड्या निघतात त्या वेगळ्याच. अशाच एका दिंडीत माझी आत्या चालते. वय वर्षं एकसष्ट. गेल्या वर्षी तिला अर्ध्या वाटेतून परत आणावं लागलं. ताप, खोकला, अंगात उभं राहायची ताकद नाही. डॉक्टरांनी यंदा स्पष्ट सांगितलंय, जायचं तर जा, पण ओल्या अंगानं रात्र काढायची नाही. आणि आत्याला तर जायचंच आहे!

गंमत म्हणजे पाऊस पडताना तिच्या अंगावर प्लास्टिकचा कागद होता. चांगला जाड, कुठंही न फाटलेला. तरी संध्याकाळी लुगडं पिळून काढावं लागायचं. "पावसानं न्हाई भिजले बाई, माझ्याच घामानं भिजले," हे तिचं निदान. मला वाटतं, कुठल्याही आउटडोअर कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा हे वाक्य जास्त कामाचं आहे.

आकड्यांचा फंडा

दुकानात गेलात की सेल्समन तुमच्या तोंडावर दोन आकडे फेकतो. पहिला मिलिमीटरमध्ये. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि तो किती उंच झाल्यावर थेंब पलीकडे झिरपतात ते बघायचं. 1,500 मिमी ही वॉटरप्रूफ म्हणवून घेण्याची साधारण खालची पायरी. पण सॅकचा पट्टा जिथं खांद्यावर दाबतो किंवा ओल्या दगडावर आपण जिथं बसतो, तिथं दाब वाढतो. म्हणून ओझं घेऊन चालणाऱ्यानं 5,000 च्या आसपासचं कापड बघावं. त्यापुढचे 15,000, 20,000 वगैरे आकडे बर्फात लोळणाऱ्यांसाठी ठेवा.

दुसरा आकडा श्वासाचा. एक चौरस मीटर कापडातून 24 तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते, तो. 10,000 लिहिलेलं असलं की आपण खूश! आता जरा भागाकार करा. 10,000 भागिले 24, म्हणजे तासाला सव्वाचारशे ग्रॅमही नाही. उकाड्यात ओझं घेऊन झपझप चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. म्हणजे हिशेब कागदावरच डळमळीत. त्यात या चाचण्यांच्या पद्धती वेगवेगळ्या, त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी सरळ ताडून बघता येत नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. वाफ कापडातून आपणहून बाहेर पडत नाही. आत जास्त वाफ आणि बाहेर कमी, असा फरक लागतो. अमेरिकेत बॉब गोर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. त्यातूनच पुढे गोअर-टेक्स हे कापड आलं. छिद्रं इतकी बारीक, की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफ निसटते. थंड, कोरड्या हवेत ही जादू मस्त चालते. हिमालयातल्या ट्रेकला जाणार असाल तर जरूर पैसे खर्च करा.

पण परभणीत? मे महिन्यात पारा 44-45 अंशांना टेकून आलेला असतो. जूनमध्ये दिवसभर घुसमट, संध्याकाळी ढग फुटल्यासारखी सर आणि मग जमिनीतून वर येणारी ती गरम वाफ! बाहेरची हवाच ओलीगच्च असेल, तर आतली वाफ जाणार कुठं? भर पावसात कापडाचा बाहेरचा थर पाणी पिऊन बसला की उरलासुरला श्वासही कोंडतो. थोडक्यात काय, आपल्या हवेत पाँचो कापडातून कमी आणि बाजूनं, खालून जास्त श्वास घेतो. पाच आकडी किमतीच्या जॅकेटपेक्षा उघड्या बगलांचा साधा पाँचो इथं सरस ठरतो, तो याच कारणानं. चालताना त्याचा घेर हलतो, भात्यासारखा वारा आत-बाहेर करतो. हे काम कुठलाही पडदा करू शकत नाही.

आजोबांचा 'डिझायनर' पाँचो

पाँचो हा शब्द दक्षिण अमेरिकेतला. अँडीज डोंगरातले लोक मधोमध भोक पाडलेलं लोकरी कांबळं डोक्यातून घालत. आपल्याकडे भोक पाडायचीही गरज पडली नाही. घोंगडीचं एक टोक दुमडलं, खोळ केली, डोक्यावर घेतली, झालं! धनगरांच्या मेंढ्यांची जाडीभरडी दख्खनी लोकर, सनगरांचा माग आणि सुताला चिंचोक्याची खळ. लोकरीची खासियत अशी, की स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. वर लोकरीतला नैसर्गिक तेलकटपणा बारीक पाऊस झटकून टाकतो. सगळ्या बाजूंनी उघडी, म्हणजे वाराही खेळता. मुसळधार पावसात मात्र ती पाणी पिते आणि मग असली जड होते, की पाठीवर मेंढीच घेतल्यासारखं वाटावं!

माझे आजोबा शेतात घोंगडी नेत. नंतरच्या पिढीनं खताच्या पोत्याची खोळ केली. पोतं फुकट, हलकं, वाळतं लगेच. रस्त्यावर आज दिसतो तो प्लास्टिकचा कागद. प्रत्येक पायरीला वजन कमी होत गेलं, पाणी जास्त अडलं आणि वारा मात्र हरवत गेला. नवा पाँचो घेताना मला वाटतं तो वारा परत मिळवायचा आहे, बाकी काही नाही.

आम्ही काय बघितलं

तर आत्याला घेऊन परभणीच्या बाजारात फिरले. दुकानदारानं आधी प्लास्टिकचे पाचशे रुपयांच्या आतले सूट काढले. पँट-शर्टवाले. लुगड्यावर पँट? आत्यानं नुसतं बघितलं आणि तो विषय संपला. बगलेत टिचबटणं असलेला पाँचोच हवा होता, म्हणजे सर आली की लावायची, उघडीप झाली की मोकळी सोडायची. लांबी पोटरीपर्यंत. त्याखाली गेला की आमची काळी माती त्याला धरते आणि सोडत नाही. टोपीला पुढे छोटी झड आणि आवळायची दोरी हवी, नाहीतर वाऱ्यात टोपी मागे आणि पाणी मानेतून आत! कमरेलाही एक दोरी बांधलेली बरी, उघड्या माळावर घेर उडून तोंडावर येतो. शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद केल्यात का, तेही उलटून बघा. सुईच्या भोकातून गळणारा पाँचो कितीही महाग असो, तो गळकाच.

घरी आल्यावर दोन प्रयोग केले. कापडाचा खोलगट झोळ करून त्यात पेलाभर पाणी ओतलं, खालून अंगठ्यानं दाबून दहा मिनिटं थांबले. अंगठा कोरडा, पास! मग गरम पाण्याच्या कपावर कापड ताणून वर काचेचा कोरडा ग्लास पालथा ठेवला. ग्लासात धुकं धरलं तर कापड थोडाफार श्वास घेतंय. आत्याच्या जुन्या प्लास्टिक कागदावर ग्लास लख्ख राहिला. नव्या कोटेड पॉलिएस्टरवर हलकंसं धुकं आलं. फार नाही, पण आलं.

रंगावरून मात्र आमची जुंपली. आत्याला मातकट हवा होता, "मळला तर दिसत न्हाई." मी भगव्या-पिवळ्यावर अडून बसले. दिंडी हायवेच्या कडेनं चालते, पहाटे अंधारात निघते आणि पावसाच्या सरीत ट्रकवाल्याला दहा पावलांवरचं दिसत नाही. पिवळा घेतला, पाठीवर चमकती पट्टी शिवून घेतली. पिशवीचे बंद वरून न घेता पिशवी पाँचोच्या आत घेतली, म्हणजे कोरडे कपडे कोरडेच राहतात. खरं सांगायचं तर डॉक्टरांची अट या कोरड्या जोडीनंच पाळली जाणार आहे, पाँचो फक्त ती जोडी मुक्कामापर्यंत पोचवणार. आतला ब्लाउजही यंदा जाड सुती नको, लवकर वाळणारा पातळ घे म्हटलं. सूत घाम धरून ठेवतं आणि रात्री गार वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेतं.

बाइकवाल्यांनो, तुमच्यासाठी एक धोक्याची सूचना. सैल पाँचो घालून बाइक किंवा सायकल चालवू नका. ओढणी चाकात अडकते तसा त्याचा घेरही अडकतो. तिथं अंगासरशी रेनकोटच हवा. मळणी यंत्राजवळही तो नको.

आणि पावसाळा संपल्यावर? बहुतेक स्वस्त पाँचोंना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. उष्णता आणि दमट हवा हे त्याचे शत्रू. ओलाच घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत टाकलात आणि ती ट्रंक मे महिनाभर पत्र्याखाली तापली, तर पुढच्या जूनला लेप चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो. सौम्य साबणानं धुवा, सॉफ्टनर वापरू नका, सावलीत खडखडीत वाळवा आणि हवेशीर खुंटीला टांगा.

आत्याचा पाँचो हजाराच्या आत बसला. तिनं दोन दिवस शेतात घालून बघितला, भर पावसात विहिरीपर्यंत चकरा मारल्या. "उकडतंय थोडं, पर कागदावानी न्हाई. आत वारं येतंय," असा रिपोर्ट आला. मग दिंडीतल्या तिघींचे पैसे माझ्या हातात ठेवले, तसेच तीन आणायला. एकीला हिरवा हवा होता. मी तिघींनाही पिवळेच आणले.