संगणकातील वर्गणीदार आणि त्यांची पावती

वर्गणीदार हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. मासिकाच्या कचेरीत वर्गणीदारांची एक वही असते. अंक छापून झाला की वहीतील नावे पाहून तो टपालात टाकला जातो. संपादकाने प्रत्येक वाचकाचे घर पाहिलेले नसते आणि वाचकासही छापखाना कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नसते. दोघांची गाठ पडते ती त्या वहीत. ज्याने वर्गणी भरली त्याला अंक मिळतो. ज्याने ती बंद केली त्याचे नाव खोडले जाते.

हीच व्यवस्था संगणकाच्या प्रोग्रामांतही रूढ झाली आहे. प्रोग्रामाचा एक भाग निरोप प्रसिद्ध करतो आणि ज्या भागांनी त्या निरोपाची वर्गणी भरली असेल त्यांना तो पोहोचतो. हे काम संगणकाच्या स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, अपव्यय न करता करणारी ‘मेसेजपाइप’ नावाची एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकालय नव्हे, तर दुसऱ्याने लिहून ठेवलेला व आपल्या प्रोग्रामात जसाच्या तसा वापरता येणारा तयार आज्ञांचा संच होय. ही लायब्ररी कशी चालते, तिच्यात काटकसर कोठे होते आणि त्या काटकसरीस गळती कोठून लागते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांनी अद्याप एकही प्रोग्राम लिहिला नाही त्यांनाही हा हिशेब समजण्यास अडचण पडू नये, असा आमचा प्रयत्न आहे.

खो आणि शिट्टी

समजा, संगणकाच्या पडद्यावर खो-खोचा सामना दाखविणारा प्रोग्राम आपणांस लिहावयाचा आहे. एक गडी बाद झाला की चार कामे व्हावयास हवीत. गुणफलकावर गुण चढला पाहिजे, शिट्टीचा आवाज आला पाहिजे, बाद झालेला गडी मैदानाबाहेर गेला पाहिजे आणि सामन्याच्या नोंदवहीत वेळ टिपली गेली पाहिजे. नवशिका लेखक, जेथे गडी बाद ठरतो त्याच ठिकाणी या चारही कामांच्या आज्ञा ओळीने लिहितो. हे खो देण्यासारखे झाले. पाठलाग करणारा गडी एका विवक्षित गड्याच्या पाठीशी जातो आणि त्यालाच उठवितो. उद्या पाचवे काम निघाले तर गडी बाद ठरविणारा भाग पुन्हा उघडून त्यात भर घालावी लागते. गुणफलक काढून टाकावयाचा झाला तरी त्याच भागात मोडतोड करावी लागते.

पंचाची शिट्टी मात्र कोणा एकास उद्देशून नसते. पंच ती वाजवून मोकळा होतो. खेळाडू थांबतात, गुणलेखक लिहितो, प्रेक्षक टाळ्या वाजवितात. प्रकाशन व वर्गणी यांची पद्धती ही अशी शिट्टी आहे, आणि ती ऐकणाऱ्यांची नावे वहीत लिहिलेली असतात एवढाच फरक. बाद ठरविणारा भाग ‘गडी बाद’ एवढाच निरोप प्रसिद्ध करतो. पाचवे काम वाढले तर पाचवा वर्गणीदार वाढतो. प्रकाशकाच्या एका ओळीसही हात लावावा लागत नाही.

ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेल्या ‘आयसिस’ या प्रणालीत वर्गणीदारांस वार्ता पुरविणारा एक विभाग होता. त्याचे वर्णन १९८७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडेस या चौघांनी प्रोग्रामरचनेचे जे नमुने ग्रंथरूपाने संकलित केले, त्यांत निरीक्षक व निरीक्षित यांचा याच जातीचा एक नमुना आहे.

स्मृतीचा हिशेब

मेसेजपाइप ही लायब्ररी ‘सी-शार्प’ या भाषेसाठी आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ही भाषा २००० साली जाहीर केली. या भाषेत नवीन वस्तू निर्माण केली की स्मृतीच्या साठ्यातून तिच्यासाठी जागा काढली जाते. जागा देताना माहितीबरोबर वेष्टनही द्यावे लागते. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर हे वेष्टन १६ बाइटांचे असते. आपल्या खेळात ‘गडी हलला’ असा निरोप आहे आणि त्यात गड्याचा क्रमांक व मैदानावरील स्थानाचे दोन आकडे, मिळून १२ बाइटांची माहिती आहे, असे धरू. १२ आणि १६ मिळून २८ होतात. परंतु जागा ८ च्या पटीतच दिली जात असल्याने प्रत्यक्षात ३२ बाइट खर्ची पडतात.

पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळा बदलते. नऊ पाठलाग करणारे व तीन पळणारे मिळून बारा गड्यांचे निरोप सेकंदास ७२० होतात, आणि त्यांचा खर्च २३,०४० बाइट. हा काही मोठा आकडा नव्हे. परंतु बारा गड्यांऐवजी हजार हलत्या वस्तू असलेला खेळ घेतला, तर सेकंदास ६०,००० निरोप व १९,२०,००० बाइट होतात. एका मिनिटात हा खर्च ११ कोटी ५२ लाख बाइटांवर जातो. आणि यांपैकी प्रत्येक निरोप क्षणभर वाचला जाऊन लगेच निरुपयोगी झालेला असतो.

हा केर काढावयाचा कोणी? सी-शार्पमध्ये ते काम आपोआप होते. या स्वयंचलित सफाईची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ या भाषेसाठी काढली व १९६० साली आपल्या निबंधात तिचे वर्णन केले. नियम साधा आहे. चालू प्रोग्रामातून दुव्यामागून दुवा धरीत ज्या वस्तूपर्यंत पोहोचता येते, ती राखावी. जिच्याकडे जाणारी एकही वाट उरली नाही, ती टाकाऊ समजून तिची जागा परत घ्यावी. वाचकांनी हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सफाई आपोआप होत असली तरी ती फुकट होत नाही. मॅकार्थी यांच्या काळी तिला काही सेकंद लागत, असे त्यांनीच नमूद केले आहे. आजची यंत्रे पुष्कळच वेगवान आहेत. तथापि सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची तर एका चित्राच्या वाट्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात सर्व गणित उरकून सफाईलाही वेळ द्यावा लागला की एखादे चित्र चुकते आणि खेळ अडखळतो. महागड्या यंत्रावर हे कदाचित जाणवणार नाही. परंतु ज्या घरी एकच जुना संगणक किंवा साधा मोबाइल आहे, तेथे ते चटकन जाणवते. स्मृतीची काटकसर ही म्हणूनच केवळ पंडितांची हौस नव्हे.

लायब्ररीची रचना

मेसेजपाइप २०२१ साली प्रसिद्ध झाली. जपानमधील योशिफुमी कावाइ यांनी ‘सायशार्प’ या कंपनीच्या वतीने ती लिहिली आणि सर्वांस विनामूल्य खुली केली. वापरण्याची रीत अवघड नाही. प्रोग्रामाच्या आरंभी तिची नोंद करावी. ज्या भागास निरोप द्यावयाचा आहे त्याने त्या प्रकारच्या निरोपाचा ‘पब्लिशर’ मागून घ्यावा. ज्यास निरोप हवा त्याने ‘सबस्क्रायबर’ मागून घ्यावा. पहिल्याने ‘पब्लिश’ म्हणावे. दुसऱ्याने ‘सबस्क्राइब’ म्हणून, निरोप आल्यावर काय करावयाचे ते सांगून ठेवावे.

काटकसर तीन ठिकाणी होते. पहिली निरोपाच्या घडणीत. निरोप ‘स्ट्रक्ट’ या प्रकाराचा केला, तर त्यासाठी साठ्यातून जागा काढावी लागत नाही. त्याची नक्कल हातोहात पुढे दिली जाते आणि काम झाले की तिचा मागमूस राहत नाही. आपल्या हिशेबातील ३२ बाइटांचा खर्च येथे शून्यावर येतो.

दुसरी काटकसर वह्यांच्या मांडणीत आहे. काही लायब्रऱ्या सर्व प्रकारच्या निरोपांसाठी एकच दार ठेवतात. त्या दारातून जाण्यासाठी लहानशा स्ट्रक्टलाही सर्वसाधारण वस्तूचे रूप घ्यावे लागते, म्हणजे एका डब्यात बसावे लागते, आणि तो डबा पुन्हा साठ्यातूनच येतो. मेसेजपाइपमध्ये निरोपाच्या प्रत्येक प्रकारास स्वतंत्र वही असल्याने डब्याची गरजच पडत नाही.

तिसरी काटकसर वहीच्या पानात आहे. वर्गणीदारांची नावे एका सलग रांगेत असतात. कोणी वर्गणी बंद केली तर त्याची जागा कोरी राहते आणि पुढच्या नव्या वर्गणीदारास दिली जाते. जागा संपल्या की रांग दुप्पट केली जाते. निरोप देताना रांगेच्या आरंभापासून शेवटापर्यंत जाऊन कोरी जागा वगळावयाची, एवढेच काम उरते. त्यासाठी नवी यादी करावी लागत नाही.

या योजनेमुळे आपली लायब्ररी ‘प्रिझम’मधील निरोपव्यवस्थेच्या ७८ पट वेगवान ठरते, असे कर्त्यांचे म्हणणे आहे. असे आकडे यंत्रागणिक व कामागणिक बदलतात. विद्यार्थ्यांनी ते प्रमाण न मानता आपल्या यंत्रावर स्वतः मोजून पाहावेत, हे बरे. ही काटकसर निरोप देतानाची आहे, वर्गणी भरतानाची नव्हे, हेही विसरू नये. वर्गणी भरताना नव्या वस्तू निर्माण होतातच. प्रत्येक चित्रागणिक नवी वर्गणी भरणाऱ्यास या लायब्ररीचा काही लाभ नाही. तसेच निरोप एका संगणकातून दुसऱ्यात पाठवावयाचा झाला तर तो बाइटांच्या रूपात गुंडाळावा लागतो, आणि तेथे खर्चाचा हिशेब निराळा होतो.

पावती हरवली तर

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. ‘सबस्क्राइब’ म्हटल्यावर लायब्ररी एक वस्तू परत देते. तिला आम्ही पावती म्हणतो. या पावतीवर ‘डिस्पोज’ ही आज्ञा दिली की वहीतील नाव खोडले जाते. पुष्कळ नवशिके ही पावती हातात न घेताच पुढे जातात. प्रोग्राम चालतो, निरोप मिळतात, आणि काही बिघडले आहे असे वाटत नाही.

आपल्या खेळात प्रत्येक सामन्याला नवा गुणफलक व शिट्टी वाजविणारा नवा भाग तयार होतो, आणि दोघेही वर्गणी भरतात, असे समजा. सामना संपला, पडदा बदलला, पण वर्गणी कोणी बंद केली नाही. दहाव्या सामन्यात एक गडी बाद झाला की एकाच वेळी दहा शिट्ट्या वाजतात! नऊ जुने गुणफलकही पडद्याआड गुण मांडीत बसलेले असतात. सफाई त्यांना का काढीत नाही? वर सांगितलेला नियम आठवावा. प्रकाशक जिवंत आहे, प्रकाशकाकडून वहीकडे वाट आहे, वहीतून जुन्या गुणफलकाकडे वाट आहे. जेथवर वाट आहे तेथवर वस्तू राखली जाते. यंत्राच्या दृष्टीने तो गुणफलक अजून कामावरच आहे. निरोपागणिक बत्तीस बाइट वाचवावेत आणि सामन्यागणिक एक आख्खा गुणफलक गमवावा, असा हा व्यवहार होतो.

काही लायब्रऱ्या वहीत नाव कच्च्या शाईने लिहितात. म्हणजे केवळ वहीतील नोंदीमुळे वस्तू राखली जाणार नाही, असा सैल दुवा ठेवतात. प्रिझमची नेहमीची रीत ही आहे. तिच्यात सोय आहे, परंतु वर्गणीदार अद्याप आहे की नाही हे प्रत्येक निरोपाच्या वेळी तपासावे लागते. मेसेजपाइपने हा खर्च नाकारला आणि नाव खोडण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर टाकली. मात्र त्याच्या हाती साधनेही दिली. अनेक पावत्या एकत्र ठेवण्यासाठी ‘डिस्पोजेबल बॅग’ नावाची पिशवी आहे. सामना संपताच ती एकदा रिकामी केली की सर्व नावे खोडली जातात. पावती टाकून दिलेली दिसली की प्रोग्राम लिहितानाच इशारा देणारा एक तपासनीस आहे. आणि वहीत या घटकेस किती नावे आहेत हे सांगणारी सोयही आहे. सामन्यापूर्वी ती संख्या पाहावी, सामना संपल्यावर पुन्हा पाहावी. दोन्ही सारख्या आल्या तर हिशेब जमला. वाढत गेली तर कोठे तरी पावती हरवली आहे, असे समजावे.

लहानशा प्रोग्रामात, जेथे एकच भाग दुसऱ्या एकाच भागास काही सांगतो, तेथे हा सारा खटाटोप करू नये. तेथे सरळ खो द्यावा हेच उत्तम. ऐकणारे अनेक असतील, ते येत-जात असतील आणि निरोपांची वर्दळ मोठी असेल, तेथेच प्रकाशन व वर्गणीची पद्धती शोभते.

चांगल्या गृहस्थाच्या संसारात जमाखर्चाच्या दोन बाबी असतात: नवा खर्च आवरणे आणि जुने देणे-घेणे मिटविणे. मेसेजपाइप यांतील पहिली बाब उत्तम सांभाळते. दुसरी कोणतीही लायब्ररी पुरतेपणी सांभाळू शकत नाही. कारण एखाद्या गोष्टीचे काम संपले आहे हे यंत्रास कळत नाही, ते माणसासच कळते. म्हणून जो विद्यार्थी वर्गणी भरण्याची ओळ लिहील, त्याने त्याच बैठकीत ती बंद करण्याचीही ओळ लिहावी. प्रोग्रामाच्या स्वच्छतेची यापरती सोपी खूण आम्हांस ठाऊक नाही.