१३ वर्षं बंद राहिलेला ‘३’ नंबर. रेसिंगच्या गाडीचा नंबर नक्की कोणाच्या मालकीचा?

लोणी काळभोर : पुणे-सोलापूर महामार्गावर कवडीपाटजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी नंबरप्लेटवरची हौस दिसते. ४१४१ चा ‘दादा’, ४९१२ चा ‘पवार’, ८०५५ चा ‘बॉस’. हवेली तालुक्यातलं हे गाव पुणे आरटीओत येत असल्यामुळे पुढे एमएच-१२ असतंच, खरी चुरस शेवटच्या चार आकड्यांसाठी असते. गाडी विकली तरी तो नंबर सोडवत नाही, अशी माणसं प्रत्येक आळीत सापडतील.

अमेरिकेत मात्र एका आकड्यासाठी चाहते वर्षानुवर्षं हळवे होते, आणि एका घरात सावत्र आई आणि मुलगा यांचं त्यावरून जमलं नाही. हे प्रकरण आहे नॅस्कारचं, म्हणजे शोरूमच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या ‘स्टॉक कार’च्या शर्यतींचं.

नंबर आला कशासाठी?

कारण अगदी साधं होतं. १९४८ मध्ये नॅस्कार सुरू झालं तेव्हा कोणती गाडी किती फेऱ्या मारून गेली, हे माणसं कागदावर लिहून मोजत. धुळीत तीस-चाळीस गाड्या पळताना ड्रायव्हरचा चेहरा कुठे दिसणार? म्हणून दोन्ही दारांवर आणि छतावर भलेमोठे आकडे आले. पुढे प्रेक्षकांनी ते आकडेच डोक्यात ठेवले. ली पेटीची गाडी ४२ नंबरची, म्हणून मुलगा रिचर्डने पुढचा ४३ घेतला. एवढ्या किरकोळ कारणाने निवडलेला हा नंबर रिचर्ड पेटीच्या २०० विजयांमुळे त्याच्या नावाला कायमचा चिकटला.

‘३’ नंबरचं काय झालं?

काळी गाडी आणि तिरका पांढरा ३ म्हणजे डेल अर्नहार्ट. तो सात वेळा विजेता ठरला, त्यातल्या सहा वेळा याच नंबरच्या गाडीत. त्याच्याआधीही ३ होताच. १९६३ मध्ये ज्युनिअर जॉन्सनने तो गाजवला होता, आणि अर्नहार्टचा टीममालक रिचर्ड चाइल्ड्रेस स्वतः ड्रायव्हर असताना हाच नंबर लावायचा. पण हे आज फक्त जाणकारांना आठवतं.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत अर्नहार्टची गाडी भिंतीवर आदळली आणि त्याचा मृत्यू झाला. त्या मोसमात शर्यतीची तिसरी फेरी आली की प्रेक्षक तीन बोटं वर करून गप्प उभे राहत. चाइल्ड्रेसने पुढच्याच शर्यतीत गाडीचा रंग पांढरा केला, नंबर २९ केला आणि ती केविन हार्विककडे दिली.

नॅस्कारने ३ अधिकृतपणे कधीच निवृत्त केला नाही. तरी मुख्य मालिकेत तो १३ वर्षं दिसला नाही. २०१४ मध्ये तो परत आला तो चाइल्ड्रेसच्या नातवाच्या, ऑस्टिन डिलनच्या गाडीवर. ‘आजोबांची टीम म्हणून मिळाला’ अशी कुरकुर झालीच. डिलनने त्याच वर्षीच्या डेटोना ५०० मध्ये सगळ्यांत पुढून सुरुवात केली आणि २०१८ मध्ये तीच शर्यत जिंकली.

वारसा मुलाकडे का गेला नाही?

इथे आपल्याकडच्या सातबाऱ्याची आठवण होईल. नॅस्कारमध्ये नंबर ड्रायव्हरच्या मालकीचा नसतो आणि टीमच्याही नसतो. मालकी नॅस्कारची. टीमला तो दरवर्षी परवान्याने वापरायला मिळतो. जमीन सरकारी, तुम्ही फक्त कसणारे, असा हा मामला.

अर्नहार्टचा मुलगा डेल ज्युनिअर ८ नंबरच्या गाडीत स्टार झाला. आजोबा राल्फ यांचाही नंबर ८. पण टीम होती वडिलांनी उभी केलेली आणि त्यांच्यानंतर सावत्र आई टेरेसाच्या ताब्यातली. २००७ च्या मोसमानंतर त्याने ती टीम सोडली. ८ सोबत न्यायचा प्रयत्न केला, बोलणी फिसकटली. शेवटी रॉबर्ट येट्सच्या टीमकडचा ८८ मिळाला. एक आठ मिळेना म्हणून दोन घेतले म्हणा!

फॉर्म्युला वनमध्ये उलटं आहे. २०१४ पासून तिथे ड्रायव्हर आपला नंबर निवडतो आणि टीम बदलली तरी तो सोबत नेतो. अपघातानंतर २०१५ मध्ये दगावलेल्या ज्यूल बियांकीचा १७ मात्र कायमचा बाजूला ठेवला आहे.

भारतीयांचा नॅस्कारशी संबंध आला तो २०१० मध्ये. नारायण कार्तिकेयन तिथल्या ट्रक मालिकेत ६० नंबरचा ट्रक घेऊन उतरला आणि मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत तेरावा आला.

मग आपला एमएच-१२ कोणाचा?

आपलं गणित नॅस्कारच्या जवळचं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ नुसार नंबर देतं ते नोंदणी प्राधिकरण, म्हणजे आरटीओ. तुम्ही पैसे भरता ते आवडता आकडा राखून ठेवण्यासाठी. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेनंतर चारचाकीसाठी ‘०००१’ चं शुल्क राज्यात ३ लाखांवरून ५ लाखांवर गेलं, आणि पुण्या-मुंबईसारख्या जास्त मागणीच्या शहरांत ६ लाखांवर.

त्याच अधिसूचनेत एक गोष्ट डेल ज्युनिअरला हेवा वाटावा अशी आहे. राखीव नंबर आता पती-पत्नी, मुलगा किंवा मुलीच्या नावावर करता येतो. पूर्वी ही सोय नव्हती.

आकड्याचा आकार मात्र तुमच्या मर्जीचा नाही. नॅस्कारमध्ये २०२२ मध्ये जाहिरातीला जागा हवी म्हणून दारावरचा नंबर पुढच्या चाकाकडे सरकवला, तेव्हा चाहते चिडले होते. इथे १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली आहे. तिच्यावर होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला कोड असतो आणि एकदा बसवलेलं लॉक पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे ४१४१ तुम्हाला मिळेल, पण त्याचा ‘दादा’ करायला आता जागा नाही.