उरोस्थीला दिलेली मुदत

निरोगी कुत्र्याच्या पिल्लाला उताणे धरून त्याच्या छातीवरून बोट फिरविले, तर पुढच्या दोन पायांच्या मधून पोटाकडे जाणारा उरोस्थीचा कंगोरा अखंड हाताला लागतो. परंतु पुण्यातील एका पशुचिकित्सालयात पग जातीच्या जेमतेम आठ आठवड्यांच्या ज्या पिल्लाला मी हात लावला, त्याच्या छातीच्या मागील भागात तो कंगोरा एकाएकी नाहीसा होऊन बोट खळग्यात उतरत होते, आणि त्या खळग्याच्या तळाशी हृदयाचा ठोका इतका निकट लागत होता, की हाड आणि हृदय यांच्यात जे अंतर निसर्गाने मुक्रर करून ठेवले आहे ते येथे उरलेच नाही, हे वैद्यकाचा गंध नसलेल्या माणसालाही उमगावे.

कुत्र्याची उरोस्थी आठ अस्थिखंडांची मिळून झालेली असते, आणि बरगड्यांच्या तेरा जोड्यांपैकी पहिल्या नऊ जोड्या कूर्चांच्या द्वारे तिला येऊन मिळतात. हा सगळा सांगाडा जन्मतः इतका मऊ असतो की त्याला जो ताण मिळेल तो आकार तो घेतो. उरोस्थीचा मागचा भाग आत वळला, की फुफ्फुसांना पसरावयास जागा उरत नाही, हृदय बाजूला रेटले जाते, पिल्लू दूध पिता पिता दमते, त्याचे वजन वाढत नाही आणि त्याच्या छातीत पुन्हा पुन्हा कफ साचतो. या विकृतीच्या कारणाविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. श्वासपटलाच्या मध्यभागाचा स्नायुबंध आखूड असल्याने उरोस्थी आत ओढली जाते, असे काहींचे म्हणणे आहे. नाक आणि घसा अरुंद असल्यामुळे प्रत्येक श्वासाला छातीत जो जादा शोष निर्माण होतो तोच मऊ हाडाला आत खेचतो, असे इतर मानतात. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पग अशा चपट्या तोंडाच्या जातींत ही विकृती अधिक आढळते, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. आणि चपटे तोंड हे काही निसर्गाचे दान नव्हे, ते मनुष्याने आपल्या आवडीखातर पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडविलेले आहे. आपल्याकडे 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग घरोघर दिसू लागला, तेव्हापासून या जातीला जी मागणी आली तिच्यापायी किती पिल्ले केवळ विक्रीसाठी निपजविली गेली, याचा विचार मनात आल्यावाचून मला त्या टेबलावरील जिवाकडे पाहवत नव्हते.

शस्त्रक्रियेपूर्वी क्ष-किरण चित्रांवर मोजमाप झाले. दहाव्या वक्षकशेरुकेपाशी छातीची रुंदी मोजावयाची, तेथील कशेरुकेपासून उरोस्थीच्या सर्वांत आत गेलेल्या बिंदूपर्यंतची खोली मोजावयाची, आणि रुंदीला खोलीने भागावयाचे. सामान्य कुत्र्यात हा भागाकार 0.8 ते 1.4 यांच्या दरम्यान येतो. दोनपर्यंत विकृती सौम्य, दोन ते तीन मध्यम, आणि तीनच्या वर गेल्यास तीव्र मानली जाते. या पिल्लाचा आकडा तीनच्या पलीकडे होता.

माणसांच्या बाबतीत अशी छाती सरळ करावयाची म्हणजे ती समोरून उघडून विकृत कूर्चा कापून काढावयाच्या आणि उरोस्थी छेदून वर उचलावयाची, ही रॅव्हिच यांनी 1949 साली मांडलेली पद्धत दीर्घकाळ प्रमाण समजली जात असे. 1987 साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात नॉरफोक येथे डॉ. डोनल्ड नस यांनी ती सगळी कापाकाप वगळली. फुफ्फुसे फुगलेल्या जुन्या दमेकऱ्यांची छाती उतारवयातही आकार बदलते, मग बालकाची कोवळी छाती योग्य दिशेने दाब दिल्यास का बदलू नये, असा त्यांचा तर्क होता. कुशींतील छोट्या छेदांतून पोलादाची बाकदार पट्टी उरोस्थीच्या मागून सरकवून ती उलटी फिरवावयाची आणि दोन-तीन वर्षे तेथेच राहू द्यावयाची, या त्यांच्या पद्धतीचा वृत्तांत 1998 साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याच्या पिल्लात तर पट्टी आत घालण्याचीही गरज पडत नाही. तिच्या जागी छातीबाहेर एक साचा बसवितात आणि उरोस्थीला टाक्यांनी त्याच्याकडे ओढून धरतात. दोन्हींचे तत्त्व एकच आहे: हाड कापावयाचे नाही, त्याला आधार द्यावयाचा आणि मुदत द्यावयाची. मात्र ही मुभा हाड कोवळे आहे तोवरच. वाढ होऊन उरोस्थी कठीण झाली की ही सोपी वाट बंद होते.

साचा आदल्या दिवशीच तयार झाला होता. गरम पाण्यात मऊ पडणारा प्लॅस्टिकचा पत्रा पिल्लाच्या छातीच्या मापाने, परंतु छाती जशी असावयास हवी त्या आकाराने, वाकवून घेतलेला. आतून कापसाचे अस्तर, आणि मधोमध छिद्रांच्या दोन समांतर ओळी. भुलेची खबरदारी याहूनही मोठी. एवढ्या लहान जिवाला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही, कारण त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते; म्हणून शिरेतून ग्लुकोज चालू, पाठीखाली ऊबदार गादी, आणि भूल देण्याआधी तोंडावर मुखवटा धरून काही मिनिटे नुसता प्राणवायू.

पिल्लाला उताणे निजविले गेले आणि डॉक्टरबाईंनी मोठी, अर्धगोल सुई उचलली. उरोस्थीच्या एका कडेने आत शिरून, तिच्या मागच्या अंगाने फिरून, दुसऱ्या कडेने बाहेर यावयाचे, एवढाच त्या सुईचा प्रवास. परंतु उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना आतून एकेक धमनी धावते, मागे हृदय टेकलेले असते, आणि छाती उघडलेली नसल्यामुळे यांपैकी काहीच डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांचे सारे काम बोटांवर सोपविलेले असते. डाव्या हाताचे बोट खळग्यात, उजव्या हातात सुई, आणि सुई आत जाण्याच्या क्षणी साहाय्यकाने यंत्राचा श्वास रोखून धरलेला, म्हणजे फुफ्फुसे आकसून दूर राहावीत. "सुईच्या टोकाला हाड लागत राहिलं पाहिजे," नजर न उचलता त्या म्हणाल्या. "हाड लागेनासं झालं की मी थांबते, मागे येते, पुन्हा जाते." एका टाक्याच्या वेळी त्या खरोखरच थांबल्या, सुई पूर्ण बाहेर काढली, आणि अंमळ पुढून नव्याने शिरल्या. कोणी काही बोलले नाही. त्या माघारीत मला जे कौशल्य दिसले ते सफाईने गेलेल्या टाक्यांतही दिसले नव्हते, कारण हातात वेग असूनही तो आवरून धरणे हीच या कामाची खरी परीक्षा आहे.

टाके लगेच बांधले नाहीत. चार-पाच दोरे उरोस्थीभोवती मोकळे पडलेले. त्यांची टोके साच्याच्या छिद्रांतून ओवली गेली, साचा छातीवर बसला, आणि मग क्रमाक्रमाने ताण दिला गेला. पहिल्या ओढीसरशी खळगा उथळ झाला. मी समजलो होतो की आता गाठी झटपट बसतील. परंतु दबून राहिलेले फुफ्फुस एकदम फुलले तर त्यात पाणी उतरून पिल्लू दगावू शकते, म्हणून प्रत्येक गाठीनंतर काही श्वास जाऊ देऊन, नाडी आणि प्राणवायूचे आकडे पाहून, मगच पुढचा दोरा ओढला जाई. शेवटच्या गाठीनंतर घेतलेल्या क्ष-किरण चित्रात उरोस्थी कशेरुकांपासून स्पष्ट दूर सरकलेली होती.

यानंतरचे काम जिकिरीचे असून त्याचा भार घरच्यांवर पडतो. साचा दोन ते चार आठवडे राहतो. त्याच्याखालची कातडी घासते, ओली राहिली तर चिघळते, टाक्याच्या भोकांतून पू येऊ शकतो, आणि पिल्लू स्वतःच दोरे चावण्याचा यत्न करते. मुदत पुरी होऊन साचा निघाला तेव्हा कातडीवर लाल चट्टे होते, ते मलमाने भरून येण्याजोगे. हाड मात्र आपल्या नव्या जागी टिकले होते.

पिल्लाचे मालक निवृत्त शिक्षक. त्यांचा आनंद अनावर झाला होता. डॉक्टरबाईंनी त्यांना शांतपणे समोर बसवून घेतले. "काका, छाती सुधारली, पण नाक आहे तसंच आहे. नाकपुड्या इतक्या अरुंद राहिल्या तर हा प्रत्येक श्वास ओढूनच घेणार." नाकपुड्यांच्या कडा थोड्या छाटून वाट मोकळी करण्याची शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या सुमारास करावी, आणि ही ठेवण पुढच्या पिढीत उतरू नये म्हणून त्याच भुलेत नसबंदीही उरकावी, असा त्यांचा आग्रह होता. काकांनी दोन्हींसाठी त्याच वेळी नाव नोंदविले.