साखळी करवत

साखळी करवत : कापणारे दाते बसविलेली अखंड साखळी लांबट पात्याच्या कडेवरून वेगाने फिरवून लाकूड कापणारे, हातात धरून चालवावयाचे यंत्र. व्यवहारात यास नुसते ‘कटर’ असेही म्हणतात. साखळी लहान पेट्रोल एंजिनाने किंवा विद्युत् चलित्राने फिरते. जर्मनीतील अभियंते आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. एकट्याने पेलता येणारी हलकी यंत्रे दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली. साखळीचा वेग सेकंदाला सु. २० मी. असल्यामुळे तिची जखम कुऱ्हाडीच्या घावासारखी सरळ नसते. स्नायू फाटून निघतात.

सर्वांत घातक अपघात उलट्या झटक्याचा होय. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग फांदीस किंवा दुसऱ्या ओंडक्यास टेकला, की दाते अडकतात आणि संपूर्ण पाते क्षणार्धात वर उसळून चालकाच्या मानेकडे येते. माणसाची प्रतिक्रिया त्याहून मंद असते. म्हणून पुढच्या मुठीभोवती अंगठ्याची पकड घेऊन दोन्ही हातांनी यंत्र धरणे, पात्याच्या रेषेत डोके न आणणे व खांद्याच्या वर कधीही न कापणे आवश्यक असते. झटक्यासरशी साखळी थांबविणारा ब्रेक असतो. तो काम सुरू करण्यापूर्वी रोज तपासावा.

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात धोक्याचा आणखी एक प्रकार विशेष आढळतो. कोयनानगर परिसरात वर्षाला सु. ५,००० मिमी. पाऊस पडतो. कराड-चिपळूण मार्गावर व घाटात झाडे उन्मळतात आणि रस्ता मोकळा करण्याच्या घाईत करवत चालविली जाते. आडवे झाड निर्जीव भासले, तरी वाकवलेल्या धनुष्याप्रमाणे ते ताणलेले असते. दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडाची वरची बाजू दाबाखाली व खालची ताणाखाली असते. प्रथम वरून उथळ काप घेऊन मग खालून कापावे. नुसते वरूनच कापत गेल्यास पाते चिमटले जाते. एकच टोक टेकलेले असेल, तर क्रम उलटा. खालून कापताना साखळी यंत्राला चालकाकडे ढकलते, हेही लक्षात ठेवावे लागते. उन्मळलेला बुंधा खोड तुटताच पूर्ववत उभा होऊ शकतो. त्यामुळे मुळांच्या खड्ड्यात कोणी असू नये. उतारावर चालकाने वरच्या अंगास उभे राहावे. झाड विजेच्या तारांवर असल्यास पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्यास हात लावू नये.

उभे झाड पाडताना पडण्याच्या बाजूस खाच घेतात आणि विरुद्ध बाजूचा काप आरपार न नेता व्यासाच्या सु. एक दशांश जाडीचे लाकूड बिजागरीप्रमाणे ठेवतात. तेच झाडाला दिशा देते. इतरांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. शिरस्त्राण, चष्मा, कर्णरक्षक व चिवट तंतूंची विजार वापरतात. विजार फाटताच तिचे तंतू साखळीच्या चक्रात गुंतून ती थांबते. साध्या पॅंटचा किंवा लुंगीचा तसा उपयोग नाही.

जखम झाल्यास स्वच्छ कापडाने सतत घट्ट दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. दुर्गम वाडीवर काम करताना सोबत दुसरा माणूस व वाहन हवेच.