ढगांवर दिसणारा, पाण्याशी जमवून घेतलेला किल्ला

जपानच्या ह्योगो प्रांतातला ताकेदा किल्ला ज्या डोंगरावर आहे, तो जेमतेम साडेतीनशे मीटर उंच. वर आज ना वाडा, ना छप्पर. उरले आहेत ते दगडी तट आणि चौथरे. तरी शरदातल्या पहाटे लोक काळोखात समोरचा डोंगर चढतात, कारण त्या वेळी खालची दरी धुक्याने भरते आणि किल्ला ढगांवर तरंगल्यासारखा दिसतो.

यात चमत्कार काही नाही. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. उतारावरची गार, जड हवा ओघळून दरीत साचते. तिथे वाहणाऱ्या मारुयामा नदीचे पाणी या हवेपेक्षा उबदार असते. त्याची वाफ गारठ्यात शिरताच धुके धरते. वरचा तुलनेने उबदार थर या धुक्याला चढू देत नाही, म्हणून माथा कोरडाच राहतो. वारा सुटला की सगळे फिसकटते. ऊन तापले की धुके विरते.

मला मात्र खरे विज्ञान तटांत दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, किल्ल्याचा धनी अकामात्सु हिरोहिदे याच्या काळात ते बांधले गेले, असे मानतात. दगड फारसे घडवलेले नाहीत, सांध्यांत चुना नाही. दर्शनी दगडांमागे लहान गोट्यांचा भराव असतो. डोंगरी भिंत ढासळते ती बहुधा मागे तुंबलेल्या पाण्याच्या रेट्याने. इथे ते पाणी भरावातून झिरपून फटींवाटे निघून जाते. भूकंपात दगड किंचित सरकतात आणि हादऱ्याची बरीच ऊर्जा घर्षणातच संपते. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईनंतर हिरोहिदेला आत्महत्या करावी लागली, किल्ला ओस पडला. तट चारशे वर्षांनंतरही उभे आहेत.

पावसाने त्यांचे जे केले नाही, ते आपण पायांनी करू लागलो. २०१३ च्या सुमारास वर्षाला पाच लाखांवर पर्यटक आले. गवत मेले, माती दबली. पाणी मुरेना, तेव्हा ते मातीच घेऊन वाहू लागले. आता वाटांवर चटया अंथरल्या आहेत. त्या सोडून चालू नका.

ढगांवरचा किल्ला पाहायचा तर समोरच्या डोंगरावरच्या रित्सुउन्क्योला जा. किल्ल्यावर उभे राहून तो देखावा दिसत नाही. धुके विरले की मग तट पाहायला किल्ल्यावर या. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र जाऊ नका, तेव्हा तो बंद असतो.