शिक्षा कोणाला, भुर्दंड कोणाला?

पोलिसानेच कायदा मोडला तर नागरिकाने दाद कोणाकडे मागावी? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर १८७१ मध्येच दिले गेले. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनने कृष्णवर्णीयांवर दहशत बसविली होती आणि स्थानिक अधिकारी तिला आळा घालीत नव्हते. म्हणून सरकारी अधिकाराच्या आडून घटनादत्त हक्क हिरावणाऱ्यावर भरपाईचा दावा लावण्याची सोय कायद्याने झाली. पुढे सुमारे नव्वद वर्षे ती बहुतांशी अडगळीत पडून राहिली.

१९५८ च्या ऑक्टोबरात एका पहाटे शिकागोचे १३ पोलीस मन्रो नामक कृष्णवर्णीय गृहस्थाच्या घरात वॉरंटाविना घुसले. पतिपत्नींना विवस्त्र उभे केले, गाद्यांच्या खोळी फाडल्या, मन्रोला दहा तास डांबले आणि आरोप न ठेवताच सोडले, अशी त्या कुटुंबाची फिर्याद होती. असा दावा पोलिसांवर चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरविले. शहराला मात्र मोकळे सोडले. १९७८ च्या मोनेल खटल्यात शहराचेही कवच गेले, पण पुरते नव्हे. पोलीस शहराचा पगारदार आहे एवढ्याने भागत नाही. अन्यायाच्या मुळाशी शहराचे धोरण वा प्रघात होता, हे सिद्ध करावे लागते. इकडे १९८२ पासून अधिकाऱ्यालाही नवी ढाल मिळाली: भंगलेला हक्क आधीच ‘सुस्पष्टपणे प्रस्थापित’ नसेल तर त्याची भरपाईतून सुटका. म्हणजे अत्याचाराची तऱ्हा जितकी नवी, तितका तो पचण्याचा संभव अधिक!

एवढे अडथळे ओलांडून मिळालेली रक्कम तरी भरतो कोण? प्रा. जोआना श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोठ्या पोलीस दलांविरुद्धच्या दाव्यांत दर शंभर डॉलरमागे अधिकाऱ्यांच्या खिशातून गेले अवघे दोन सेंट. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर २०२१ मध्ये मिनिआपोलिसने मान्य केलेले २ कोटी ७० लाख डॉलरही शहराचेच. भरपाईच्या धाकाने वर्तन सुधारते, हे अर्थशास्त्रीय गृहीत तेव्हाच खरे ठरते, जेव्हा झळ चुकणाऱ्याला लागते. अनेक शहरांत ही रक्कम पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकातून नव्हे, तर सर्वसाधारण निधीतून जाते. त्यात पीडिताच्या शेजाऱ्यांचाही कर असतो. अर्थात सारा बोजा पोलिसावर टाकला, तर त्याच्या पगारातून पीडिताच्या हाती काय पडणार?

कोलोरॅडो राज्याने २०२० मध्ये मधला मार्ग काढला. सद्भावनेने न वागलेल्या अधिकाऱ्याने भरपाईच्या पाच टक्के किंवा २५,००० डॉलर, यांपैकी कमी असेल ती रक्कम स्वतः भरावी. तेवढीही त्याच्याकडून वसूल न झाल्यास ती पुन्हा सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातूनच भरली जाते.